उत्तर न आलेल्या फेऱ्या

३ मार्च, सोमवार

आज सकाळी प्रार्थना झाल्यावर मी तात्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. पेचकस प्रयोगशाळेतल्या मिस्त्रीकडून मागून आणला होता. लाकूड जुनं आणि टणक. शेवटचा स्क्रू अर्ध्यावर अडकला, तो साबण लावून आत घातला. तात्या पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. दार लोटून कडी नीट सरकते का ते पाहिलं. सरकते.

हौसेने नाही केलं. शुक्रवारी दुपारी तात्या खाली फाटकापाशी सापडले. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांचं उजवं अंग लुळं आहे, वाचा गेली आहे. तरी काठी टेकत लिफ्टपर्यंत गेले आणि खाली उतरले. पायात नुसते मोजे. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चष्म्याची डबी, कंगवा आणि घडी घातलेला धुतलेला सदरा. एका हाताने इतकी नीट घडी कशी घातली असेल, याचंच मला नवल वाटत राहिलं. पहारेकऱ्याने विचारलं, "कुठे निघालात आजोबा?" तर त्यांनी रस्त्याकडे हात केला म्हणे. अशा आजारात माणसाला दिशांचं भान राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

हिला कडी पसंत नाही. शाळेत शिकवायला निघता निघता म्हणाली, "कोंडून ठेवणार का त्यांना?"

"कोंडायचं काय त्यात? आपण घरी असलो की उघडीच असेल."

"आणि नसलो की?"

मला उशीर होत होता. मी डबा उचलला.

तात्यांशी बोलायची एक रीत आता बसली आहे. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंनी ती शिकवली. त्यांचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा आणि विचारायचं; हो असेल तर ते दाबतात. प्रश्न उलटूनही विचारत जा, असं बाई म्हणाल्या होत्या. त्याला फार वेळ लागतो. मी एकदाच विचारतो.

५ मार्च, बुधवार

प्रयोगशाळेत आज पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. आमची प्रयोगशाळा तळघरात आहे, खिडकी एकही नाही. मध्यभागी तो उंच शीतक, ज्याला आम्ही सगळे रांजण म्हणतो. त्याच्या पोटात नखाएवढी सर्किटं अतिथंड करून ठेवलेली असतात. अशा सर्किटात ऊर्जेचा एक थेंब असतो किंवा नसतो, किंवा क्वांटमच्या रीतीने असण्या-नसण्याच्या मधलं काहीतरी असतं. ते कुठल्या अवस्थेत आलं आहे हे आम्हाला पुरतं ठाऊक नसतं. डिटेक्टर एक अर्धवट प्रश्न विचारतो. जेवढं कळलं तेवढ्याच्या बळावर सूक्ष्मलहरींचा एक ठोका द्यायचा आणि तो थेंब बाहेर काढायचा. बाहेर आलेल्या त्या ऊर्जेला आमच्या शास्त्रात कार्य म्हणतात.

अर्धवट माहितीवर सरासरी किती कार्य काढता येईल, याची एक मर्यादा मी गणिताने सिद्ध केली आहे. माझ्या नावावर आयुष्यात एवढी एकच गोष्ट आहे. आणि मिस्त्रीच्या मोजमापात कार्य त्या मर्यादेच्या वर येतंय.

मिस्त्री म्हणजे आमचा प्रयोग करणारा प्राध्यापक. पंपापासून वायरीपर्यंत सगळं स्वतः खोलून बसतो, म्हणून हे नाव. मला मिठी मारून म्हणाला, "तुझी भिंत पाडली रे! आता रडू नकोस, निबंधावर तुझंही नाव टाकतोय."

"माझी भिंत पाडलीस त्या निबंधावर?"

"मग? भिंत कुणाची होती ते लोकांना कळायला नको?"

सगळे हसले, मीही हसलो. संचालकांनी महिनाअखेरीची मोठी सभा ठरवूनही टाकली. माझ्या सिद्धतेत चूक असेल तर ती मला सापडत नाही. नसेल, तर मिस्त्रीचे आकडे चुकले आहेत, आणि ते सांगावं तर मी जळतोय असंच वाटेल. दोन्हीकडून दार बंद.

संध्याकाळी तात्यांच्या उशाशी बसून हे सगळं त्यांना सांगितलं. गिरणीच्या भाषेत सांगितलं. समजा, पोत्यांची थप्पी लावलेली आहे, काही भरलेली, काही रिकामी, आणि अंधारात फक्त वरून चाचपायचं. भरलेलं समजून रिकाम्याला जोर लावला तर आपलीच कंबर जाते. ते एकटक ऐकत होते. मी दहाव्या वर्षी गावची शाळा संपवून वसतिगृहात गेलो, तेव्हापासून सुट्टीपुरताच घरी. तात्यांना कायम गिरणीची घाई. माझं बोलणं त्यांनी असं बसून कधी ऐकलं नव्हतं. देवाने हे दिवस दुखण्याच्या वाटेने का होईना, दिले.

"तात्या, इथे बरं वाटतंय ना?" मी विचारलं. हात तसाच राहिला. डोळे मिटत होते. दमले होते.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. माझा थोरला भाऊ. गावी तात्यांची पिठाची गिरणी आता तोच चालवतो. दर रविवारचं एकच पालुपद.

"तात्यांना पाठव इकडे."

"दादा, मोठा दवाखाना तुझ्याकडून किती लांब आहे? इथे पाच मिनिटांत डॉक्टर मिळतो."

"त्यांना विचारलंस?"

"रोज विचारतो. इथेच राहायचं ना, म्हणून. परवा हातही दाबला."

हे खोटं नाही. परवा दाबला होता. त्याआधी सूप हवं का हे विचारलं होतं, तेव्हाच दाबून धरला असेल तर ते मला सांगता येणार नाही.

दादा म्हणाला, "बरं बाबा, तू शिकलेला, तुझंच खरं. निदान त्यांच्या कानाला फोन लाव." मी लावला. दादाने गिरणी सुरू केली असावी, कारण फोनमधून पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर माझ्यापर्यंत ऐकू आली. तात्यांच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागलं, तोंडाचा अर्धा भाग थरथरायला लागला. इतक्या आवाजाचा त्यांना त्रास झाला. मी फोन काढून घेतला आणि दादाला जरा बोललोच.

तात्यांनी मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या खिडकीसमोरही भिंतच आहे, शेजारच्या इमारतीची. पुढे मागे खोली बदलून द्यावी.

१३ मार्च, गुरुवार

आमच्याकडे एका वर्षासाठी दुसऱ्या संस्थेतून एक संशोधक आल्या आहेत. सगळे त्यांना पाहुणी म्हणतात. बोलतात कमी, पण विचारतात ते नेमकं. आज आकड्यांचा तक्ता पुढे ओढून म्हणाल्या, "आणि गाळलेल्या फेऱ्या कुठे आहेत?"

मी सांगितलं, प्रयोगाच्या ज्या फेरीत डिटेक्टर उत्तरच देत नाही ती आम्ही धरत नाही. हा नियम मीच घालून दिला होता. उत्तर नाही म्हणजे माहिती नाही. कधी सर्किट रिकामं असतं, कधी भरलेलं असूनही डिटेक्टरच चुकतो. काय समजायचं?

"म्हणजे त्यांत काहीच नाही?"

"नाही."

"काहीच नाही, हे तुम्हाला कळलं कसं?"

मिस्त्री मागून म्हणाला, "पाहुण्यांनी स्वयंपाकघरात शिरू नये!" त्याही हसल्या. पण मला तो प्रश्न लागला. बारीकसारीक खोडी काढणाऱ्या माणसांचा मला पूर्वीपासूनच वैताग येतो. नम्रतेसाठी रोज प्रार्थना करायची आणि दुपारपर्यंत ती संपलेली असायची, असं माझं चाललं आहे.

१५ मार्च, शनिवार

तात्यांनी आज चमचा फेकला. ही म्हणते, मी दार लावलं तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत. तसं नसावं. चव गेली असेल. हात धरून विचारलं, "तोंडाला चव नाही का?" उत्तर नाही.

२० मार्च, गुरुवार

सापडलं.

माझी सिद्धता बरोबर आहे. मिस्त्रीचे आकडेही बरोबर आहेत. चूक माझ्या त्या नियमात होती.

पाहुणीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज दुपारी गाळलेल्या फेऱ्या मागवून घेतल्या आणि त्या सर्किटांत खरोखर काय होतं ते दुसऱ्या वाटेने तपासलं. बहुतेक रिकामी! म्हणजे डिटेक्टरचं गप्प बसणं हेच सांगत होतं, की इथे काही नाही, ठोका देऊ नका. ते उत्तरच होतं. शंभर टक्के खात्रीचं नसेल, पण उत्तर होतं. आम्ही बोलक्या फेऱ्या तेवढ्या वेचून घेतल्या. ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच सरासरी काढली, मग ती चढी येणार नाही तर काय? शिवाय डिटेक्टर प्रत्येक फेरीनंतर पुसून कोरा करावा लागतो. गप्प फेरीनंतरही तो खर्च होतोच. तोही आम्ही धरला नव्हता. सगळ्या फेऱ्या परत आत घेतल्या, पुसण्याचा खर्च वजा केला, तर कार्य माझ्या मर्यादेच्या खाली येऊन बसलं.

तळघरातून वर आलो तेव्हा अजून उजेड होता. बाकावर बसून देवाचं नाव घेतलं. आनंद झाला हे लपवत नाही. आपलीच चूक सापडल्याचा एवढा आनंद होऊ शकतो!

घरी येऊन कडी सरकवून दार उघडलं आणि पहिल्यांदा तात्यांना सांगितलं. म्हटलं, "तात्या, गप्प बसणाराही काहीतरी सांगत असतो. आणि आम्ही वेडे त्यालाच गाळून बसलो." तात्या माझ्याकडे पाहत राहिले. इतका वेळ नजर न हलवता त्यांनी मला कधी पाहिलं नसेल. त्यांनाही समजलं असावं, असं मला वाटलं. मग मी विचारलं, "बरं वाटतंय ना इथे?"

हात दाबला नाही. मी सोडून दिलं. दिवसभर एकटे बसून कंटाळले असणार.

२१ मार्च, शुक्रवार

मिस्त्रीला सांगितलं. त्याने तक्ता पुढे ओढून बेरजा पुन्हा करून पाहिल्या. मग म्हणाला, "नियम तुझाच ना?"

"माझाच."

"मग भिंत तुझी, भगदाडही तुझं, आणि गवंडीही तूच. मी नुसता हमाल."

रागावला नव्हता, पण त्याचा चेहरा उतरला होता. रांजण त्याने वर्षभर पोटच्या पोरासारखा सांभाळला आहे. संचालकांकडे आम्ही दोघे मिळून गेलो. सभा रद्द झाली. ते एवढंच म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर!" पाहुणीचं नाव निबंधात घालायचं ठरलं. जाताना मिस्त्री म्हणाला, "माझा पेचकस परत कर. तीन आठवडे होत आले."

२३ मार्च, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

दादाचा फोन आला आणि तेच सुरू झालं. मी म्हणालो, "दादा, मी आत्ता तुझ्यादेखत विचारतो." फोन तात्यांच्या पलंगावर ठेवला आणि हात हातात घेऊन विचारलं, "तात्या, इथेच राहायचं ना?" हात हलला नाही. "झोपेत आहेत," मी फोनवर म्हणालो.

ही दारात उभी होती. कपड्यांची बादली खाली ठेवून म्हणाली, "झोपेत नाहीत. टक्क जागे आहेत. अहो, तीन दिवस झाले, गप्प बसणाराही काहीतरी सांगत असतो म्हणून घर डोक्यावर घेतलंय तुम्ही. शेजारच्या काकूंनासुद्धा पाठ झालंय. मग यांचं गप्प बसणं तेवढं झोप होय?"

मी म्हणालो, "त्याचा इथे काय संबंध?"

खरंच, त्या क्षणी मला संबंध दिसला नव्हता.

ती पलंगावर बसली, तात्यांचा हात तिने घेतला. "मामंजी, दादांकडे जायचंय?"

तात्यांनी हात दाबला. इतका, की तिच्या बांगड्या वर सरकल्या. सोडेचनात. तिने पुन्हा विचारलं, "गिरणीवर?" त्यांच्या घशातून आवाज आला, झटक्यानंतरचा पहिला. शब्द नव्हता.

पलंगावरच्या फोनमधून दादा "हॅलो, हॅलो" करत होता. कुणी उचलला नाही.

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता.

२५ मार्च, मंगळवार

दोन दिवस मन लढतंय. एका उत्तरावर विसंबता येतं का? एखाद्या वेळी हात आपोआपही आवळला जात असेल. गावी डॉक्टर नाही. रात्रीबेरात्री पुन्हा झटका आला तर? काल विचारलं, आज विचारलं, दोन्ही बाजूंनी विचारलं. दरवेळी तेच. इथे म्हटलं की हात मऊ पडतो, गिरणी म्हटलं की आवळतो. आज सकाळी पुन्हा विचारायला बसलो तर ही म्हणाली, "अजून किती फेऱ्या घ्यायच्यात?"

झटका पुन्हा येऊ शकतो, हेही त्यांना सांगितलं. लपवून विचारण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "तात्या, तिथे काही झालं तर डॉक्टर वेळेवर पोचायचा नाही. तरी जायचं?" दाबला.

मग मी खोलीत एकटाच बसलो, दार लावून. प्रार्थना करायला बसलो होतो, पण मागू काय? ते राहावेत, एवढंच मला मागायचं होतं. कारण शोधत गेलो तेव्हा दवाखाना सापडला, गरम पाणी सापडलं, लिफ्ट सापडली. त्या सगळ्याखाली होती संध्याकाळची ती खुर्ची, आणि तिच्यात बसून बोलणारा मी. समोर उठून जाऊ न शकणारे वडील.

त्या पिशवीतला सदरा गावी जाताना घालायचा होता. आता कळतं.

दादाला फोन करून सांगितलं, रविवारी घेऊन येतो. तो काहीच बोलला नाही. मी विचारलं, "दादा, ऐकतोयस ना?" मग नाक ओढल्याचा आवाज आला.

३१ मार्च, सोमवार

काल पहाटे निघालो. तात्यांना तो धुतलेला सदरा घातला. गाडीत ते अख्खी वाट खिडकीबाहेर बघत होते. गाव जवळ आलं तसे डाव्या हाताने समोरची सीट धरून पुढे सरकून बसले.

दादाने गिरणीच्या दारात त्यांची जुनी खुर्ची मांडून ठेवली होती. वहिनींनी शेजारी खाट टाकून दिली होती. दादाने इंजिन सुरू केलं. पूर्वी तात्या खाली पडणाऱ्या पिठाच्या धारेत हात धरायचे. पीठ गरम लागलं की दगड थोडे उचलायचे. दादाने त्यांची खुर्ची धारेपाशी नेली, डावा हात उचलून पिठात धरला. तात्यांनी मान वाकडी करून दादाकडे बघितलं आणि भुवया आक्रसल्या.

"गरम लागतंय होय?" दादा ओरडला. "आल्या आल्या चुका काढायला लागले बघा!" आणि दगड उचलायला धावला. वहिनी हसत होत्या, मीही हसलो. तात्यांच्या मनगटापर्यंत पीठ चढलं होतं.

दुपारी परतीची गाडी होती. तात्यांपाशी वाकून, तो पिठाचा हात हातात घेऊन मी म्हणालो, "तात्या, मी निघू?"

हात हलला नाही.

एरवी मी पिशवी उचलली असती. काल खाली ठेवली. विचारलं, "थांबू थोडं?"

त्यांनी दाबला.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. एवढ्या आवाजात बोलायची सोय नव्हतीच. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं, ते दगडांकडे बघत होते. हात मात्र सोडला नाही. दुपारची गाडी गेली. शेवटच्या गाडीच्या वेळेला मी पुन्हा विचारलं, "आता निघू?" बराच वेळ काही नाही. मी थांबलो. मग हात दाबला गेला, अगदी हलका.

आज सकाळी इथे पोचलो. ही शाळेत गेली होती. तात्यांच्या खोलीतली खुर्ची तशीच पलंगाशी आहे. मी प्रार्थना केली, पेचकस घेतला आणि दाराची कडी काढली. साबण लावलेला स्क्रू निघायला सर्वांत जास्त वेळ लागला. चार भोकं राहिली आहेत. ती बुजवायची नाहीत असं ठरवलं आहे.

पेचकस धुऊन पिशवीत ठेवला. दार उघडं टाकून कामाला निघालो.